जात्याची चूळ

आत्याच्या डाव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं होतं. आदल्या दिवशी टाकी मारताना दगडाची कपची उडून डोळ्यात गेली होती. उजव्या डोळ्यानं बघत ती माझी पिशवी भरत होती. हातोडी घातली, दोन टाक्या घातल्या, भुकटी झाडायला शिंदीचा कुंचा घातला. शेवटी ज्वारीच्या कोंड्याची पुरचुंडी बांधून वर ठेवली आणि म्हणाली, "कारळवाडीला नलवड्यांच्या घरी लग्न हाय. त्यांचं जातं आधी. बाकीचं गाव मग."

"मी एकटी?"

"मग गाढव येणार हाय व्हय संगं? त्याला टाकी धरता येत न्हाय."

आमचं काम जात्यांना टाकी लावण्याचं. आता घरोघरी जाती राहिली नाहीत, म्हणून सांगते. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात. मग दाणे नुसते सरकतात, पीठ पडत नाही. अशा वेळी वरची तळी उचलून दोन्ही तोंडांवर टाकीनं बारीक खळगे पाडायचे, म्हणजे दगडाला पुन्हा धार येते. आम्ही गावोगाव हिंडून हेच करायचो. माझी आत्या हणमव्वा या कामात नावाजलेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. एक गाढव, दोन गोधड्या आणि सोळा गावं एवढा तिचा संसार. मी तिच्याकडं बारा वर्षांची असताना आले आणि त्या फाल्गुनात मला सतरावं लागलं होतं.

माझे आईबाप धरणाच्या कामावर खडी फोडायला होते. बापानं दिवाळीत येऊन आत्याला बजावलं होतं. पाडव्यापर्यंत पोरीचा हात बसला तर ठेव तुझ्याकडं. नाहीतर मी तिला धरणावर नेतो, पाट्या उचलेल, आणि वैशाखात उजवून टाकतो. मुलगाही बघून ठेवला होता. तो सुरुंग लावायचा आणि त्याला एका हाताला तीनच बोटं होती. बोटांचं मला काही नव्हतं. पण मला पाट्या उचलायच्या नव्हत्या. टाकीचा आवाज मला आवडायचा. खळगे एका ओळीत पडले की दगड मोहरीच्या शेतासारखा दिसायचा.

हात बसला हे ठरवायची आमच्यात एक रीत होती. मोठं माणूस आपल्या गावांतलं एक गाव धाकट्याच्या नावानं करायचं. त्याचा समारंभ नसे. "ते गाव तुझं" एवढं म्हणायचं. मग त्या गावातली जाती त्याची. काम चांगलं झालं तर नाव त्याचं, बिघडलं तर बोलणीही त्यानंच खायची. दुसरं कुणी मधे पडायचं नाही. आत्या कारळवाडी माझ्यासाठी राखून आहे, हे मला तिच्या वागण्यावरून कळलं होतं. पण ती बोलली नव्हती, आणि पाडवा सात दिवसांवर आला होता.

आमची पालं रस्त्याच्या कडेला चिंचेखाली होती. तिथून कारळवाडी कोसभर. मी उन्हं चढायच्या आत पोचले.

नलवड्यांच्या दारात मांडव पडत होता. गोजराबाई, म्हणजे नवरीची आई, कमरेला पदर खोचून एकाच वेळी चौघांना कामं सांगत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. आत्या येत नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. शेजारची ठकूबाई ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिला सगळ्या गावाच्या सगळ्या गोष्टींत बोलायचा हक्क होता.

"ही व्हय? हिला तर अजून शेंबूड पुसता येत नसंल."

"पुसते की," मी म्हणाले. "टाकी लावून झाली की पुसते."

आतून कुणीतरी हसलं. दाराच्या चौकटीला टेकून नवरी उभी होती. कौशी तिचं नाव. माझ्याच वयाची, हातात चुडा भरलेला आणि तो जड होतो म्हणून मनगटं सारखी वर धरलेली. लग्न परवावर आलं होतं. उद्या सकाळी पाच सुवासिनी हळद दळणार, आणि घरची हळद उद्याच लावायची, नवऱ्याकडची उष्टी हळद लग्नादिवशी, अशी त्या घरची रीत होती.

अंगणाच्या कोपऱ्यात जातं काढून ठेवलं होतं. काळा दगड, पिढीजात, आणि आरशासारखा गुळगुळीत झालेला. मी खाली बसले आणि दोन्ही गुडघ्यांत तळी धरली. मन सगळं याच दगडात होतं. आत्या सांगायची की घाव घालायचा नाही, टाकी नुसती टेकवायची आणि दगडाला विचारायचं. त्या दिवशी दगड मला उत्तर देत होता. मधल्या भोकापासून कडेपर्यंत ओळी उतरत गेल्या. एकही खळगा दुसऱ्यात मिसळला नाही. कौशी मधून मधून येऊन उकिडवी बसायची, दगडाचे कण अंगावर उडाले की मागं सरायची.

"तुला भीती न्हाय वाटत? डोळ्यात गेलं तर?"

"मिटायचे. टाकी पडते तेव्हा मिटायचे, उचलली की उघडायचे."

"मग दिसतं कसं?"

"मधल्या वेळात बघायचं."

ती बराच वेळ पापण्या मिटून उघडून बघत राहिली. मग म्हणाली की सासरी गेल्यावर तीही असंच करणार आहे, सासू बोलायला लागली की मिटायचे. आम्ही दोघी इतक्या हसलो की गोजराबाईनं तिला आत बोलावून घेतलं.

आता चुळीचं सांगायला पाहिजे. टाकी लावलेलं जातं कितीही झाडलं, धुतलं, तरी खळग्यांत दगडाची कच राहतेच. म्हणून टाकी लावणाऱ्या बाईनं आपल्या हातानं त्यात मूठ दोन मुठी कोंडा दळायचा आणि तो उकिरड्यावर टाकायचा. कोंडा कच घेऊन जातो. त्याला आम्ही जात्याची चूळ म्हणायचो. माणूस उठल्यावर चूळ भरतं, मगच खातं, तसं. जात्यानं चूळ भरल्याशिवाय त्यात दाणा घालायचा नाही, हा आमचा पहिला नियम. मी टाकी धरायला शिकले त्याच्या आधी चूळ भरायला शिकले होते.

आणि लग्नघरी चूळ अंगणातच उरकायची, जातं उंबऱ्याच्या आत जायच्या आधी. कारण एकदा ते आत जाऊन बसलं, त्याला हळदकुंकू लागलं, की त्यात पहिली वैरण, म्हणजे दळणाची पहिली मूठ, सुवासिनीनंच घालायची असते. आत्याला हे कधी जड गेलं नाही. तिनं सांगितलं की लोक थांबायचे.

मी शेवटची ओळ संपवली तेव्हा दिवस कलला होता. मी कुंच्यानं तळ्या झाडल्या, पाणी ओतून धुतल्या आणि वाळायला उन्हात उभ्या केल्या. हात धुवायला आडावर गेले. परत आले तर जातं जागेवर नव्हतं. दिवस मावळायच्या आत जातं बसवायचं होतं, म्हणून दोन गड्यांनी ते उचलून आत नेलं होतं. मी पिशवीतून पुरचुंडी काढली आणि धावत ओटीवर गेले. गोजराबाई भिंतीला टेकवलेल्या वरच्या तळीच्या खुंट्याला आंब्याची डहाळी आणि खण बांधत होती. तळीवर कुंकवाची बोटं उठली होती.

"आक्का, जरा थांबा. मला त्यात कोंडा..."

"आता काय घालतीस बाई? कुंकू लागलं. आता पहिली वैरण सुवासिनीची."

मी पुढं बोलायला पाहिजे होतं. तीन शब्दांचं काम होतं. पण तेवढ्यात ठकूबाईनं वाकून खालच्या तळीवरून हात फिरवला. डोळे बारीक करून तिनं ओळी बघितल्या, पुन्हा हात फिरवला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं, हिचा हात तर हिच्या आत्यापेक्षा सरस हाय."

बायका वाकून वाकून बघायला लागल्या. एकीनं माझी हनुवटी धरली. मी तिथं पुरचुंडी मुठीत धरून उभी होते. जातं अजून तयार नाही असं म्हटलं असतं, तर ते सगळे चेहरे पुन्हा सकाळसारखे झाले असते. मी पुरचुंडी पिशवीत टाकली. त्यांनी मला जेवायला वाढलं. जाताना सुपात ज्वारी आणि वर एक खण दिला. कौशी मांडवाच्या मेढीपर्यंत सोडायला आली.

"उद्या ये की हळदीला. मी कशी पिवळी होते ते बघ."

मी येते म्हणाले आणि रस्ता धरला.

पालावर आत्या चुलीपाशी बसली होती. काम कसं झालं, बायका काय म्हणाल्या, जेवायला काय होतं, सगळं मी सांगितलं. ठकूबाईचं बोलणंही सांगितलं. आत्या म्हणाली की ठकूबाई आपली आई असती तर आपण तिला मूग गिळून गप्प बसायला लावलं असतं. मग तिनं विचारलं, "चूळ भरलीस?"

"भरली."

आत्यानं पिशवी उचलून जवळ घेतली. रोज ती हत्यारं मोजून ठेवायची, तशी तिनं आत हात घातला. बराच वेळ तिचा हात आतच होता. मग म्हणाली, "बरं."

मी वाट बघत राहिले. आता म्हणेल, कारळवाडी तुझी. शेवटी मीच विषय काढला की पाडवा जवळ आला.

"अजून सात दिवस हायेत," ती म्हणाली आणि गोधडी अंगावर ओढून घेतली.

सकाळी मी उठले तेव्हा आत्या पालाबाहेर, कारळवाडीच्या रस्त्याकडं तोंड करून बसली होती. तिनं लुगडं नीट नेसलं होतं, पायात वहाणा होत्या. मला वाटलं, डोळा ठणकतोय म्हणून झोप लागली नसेल. तिनं मला तांब्या आणायला सांगितलं, फडकं सोडलं आणि तोंड वर केलं. "वत पाणी. हळू."

मी तिच्या पापण्या बोटांनी फाकवल्या आणि पहिल्यांदा तो डोळा उजेडात बघितला. पांढरं सगळं लाल झालं होतं, आणि बुबुळावर एक ओरखडा होता. केसासारखा बारीक. मी पाण्याची धार धरली. कपची परवाच निघाली होती, मोहरीच्या अर्ध्याएवढी असेल. एवढ्याशा कणानं तो डोळा असा केला होता.

हळद गालाला लावतात. कपाळाला लावतात. बायका हसत, ओढाताण करत लावतात, डोळ्यांच्या कडांपर्यंत. आणि चोळून लावतात.

माझ्या हातातली धार चुकली, पाणी तिच्या गळ्यावर सांडलं.

"आत्या," मी म्हणाले, "मी चूळ भरली न्हाय."

मला वाटलं होतं की ती ओरडेल, किंवा तांब्या हिसकावून घेईल. तिनं पदरानं तोंड पुसलं. "हळद कधी दळणार हायेत?"

"सकाळीच. आता बसल्याच असतील."

"डोळा बांध."

मी बांधला. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. एका डोळ्यानं तिला रस्त्यातले खाचखळगे नीट कळत नव्हते, म्हणून हात काढत नव्हती. मी पळाले असते, पण खांद्यावरचा हात पळू देत नव्हता. मी कसं झालं ते सांगत होते, जातं आधीच कसं उचलून नेलं, कुंकू कसं लागलं होतं. ती ऐकत होती. मी म्हणाले की गोजराबाई तुझं ऐकेल, तू नीट सांगशील. यावर ती "बघू" म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "दगड हाय का बघ फुडं," आणि खरंच पुढं दगड होता.

गावात शिरल्यावर मी कान दिले. जात्याची घरघर येत नव्हती, बायकांची गाणी चालू होती. म्हणजे दळून झालं होतं.

मांडवाच्या अलीकडं एक कडुनिंब आहे. आत्या त्याच्या पारावर बसली आणि मला जा म्हणाली.

"आणि तू?"

"मी बिनकुंकवाची बाई. हळदीच्या घरात कुठं येऊ?"

"मग त्यांना बाहेर बोलावते. हितं सांग."

"बोलवायचं तर बोलव. पण बोलायचं तूच. गाव तुझं हाय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कोणतं गाव?"

"कारळवाडी."

"कधीपास्नं?"

"मघापास्नं," आत्या म्हणाली. मग कमरेला खोचलेली कोंड्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. "हे लागंल. जा आता, वेळ घालवू नको."

ती पुरचुंडी कालचीच होती. ती माझ्या पिशवीतून तिच्या कमरेला कशी गेली, हे त्या घटकेला माझ्या डोक्यात आलं नाही.

आत कौशी पाटावर बसली होती. गुडघे जवळ घेतलेले, केस सोडलेले. समोर पितळी परातीत हळद कालवलेली होती आणि पाच सुवासिनी भोवती होत्या. मला बघून कौशीचं तोंड फुललं. "आली बघ टाकीवाली."

मी म्हणाले, "आक्का, हळद लावू नका. त्यात दगडाची कच हाय. मी काल जात्याची चूळ भरली न्हाय."

गाणं थांबलं. एकदम थांबलं नाही, मागच्या दोघींना ऐकू गेलं नव्हतं, त्या एक ओळ पुढं गाऊन थांबल्या. त्या दोन आवाजांइतकं लाजिरवाणं मला काही आठवत नाही.

गोजराबाईनं परात मागं ओढली. हळद नासणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पाच सुवासिनींच्या हातची हळद टाकून द्यायची नसते आणि दुसरी दळायची तर हळकुंडं पुन्हा कुठून आणायची, बाजार तीन दिवसांनी. ती मला काय काय बोलली. सगळं खरं होतं. ठकूबाईनं बोटभर हळद घेऊन पुढच्या दातांत धरली. सगळ्याजणी तिच्या जबड्याकडं बघत राहिल्या. कच्च असा आवाज मलाही ऐकू आला.

"हाय," ती म्हणाली आणि थुंकली.

"काल का न्हाय बोललीस?" गोजराबाईनं विचारलं. "जीभ काय गाढवाला बांधून आली व्हतीस?"

"तुम्ही माझा हात चांगला म्हणाला," मी म्हणाले, "म्हणून बोलले न्हाय."

गोजराबाई ठकूबाईकडं वळली. मग ठकूबाई म्हणाली, "म्हंजे चुकी माझीच की. जलमात एकदा कुणाला चांगलं म्हणावं तर हे असं."

कौशी पाटावरून खुदकन हसली. आईनं डोळे वटारले तरी तिला थांबता येईना. "आयं, ही आली नसती तर माझं तोंड खरचटलं असतं," ती म्हणाली. "नवरा म्हणाला असता, पोरगी मांजराशी भांडून आली."

एक बाई हसली, मग दुसरी. हसणं मोठं नव्हतं, पण तेवढ्यात मला श्वास घेता आला, आणि श्वास घेतल्यावर डोकं चालायला लागलं.

दगड फोडणाऱ्यांच्या पाण्यात कायम भुकटी पडते. घागर झाकली तरी पडते. आम्ही लहानपणापासून ते पाणी एकाच रीतीनं पितो. ढवळायचं, थोडं थांबायचं, दगड तळाला गेला की वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतायचं. दगड कशाहीपेक्षा आधी बसतो.

"आक्का, दोन पातेली द्या," मी म्हणाले. "आणि दोन घागरी पाणी. हळद टाकायची न्हाय."

गोजराबाई जागची हलली नाही. ठकूबाईच उठली आणि पातेली घेऊन आली. मी सगळी हळद एका पातेल्यात घातली, पाणी ओतलं आणि हातानं तळापासून ढवळलं. हात बाहेर काढला. दहा श्वास मोजले. त्यापुढं मला मोजता येत नव्हतं. मग पातेलं हळूच कलतं करून पिवळं पाणी दुसऱ्यात सोडलं. पातेलं जड होतं, म्हणून कौशी पाटावरून उठून आली आणि तिनं दुसरी कड धरली. नवरीनं पाटावरून उठू नये म्हणून मागून दोघी ओरडल्या. तिनं ऐकलं नाही. तळाशी काळपट गाळ राहिला. मी तो तळहातावर घेऊन गोजराबाईला दाखवला. चिमूटभरच होता. तिनं बोटानं चोळला, बोट आपल्या गालाला लावलं आणि लगेच काढून घेतलं.

असं आम्ही चार वेळा केलं. चौथ्या वेळी तळाला काही उरलं नाही. मग हळदीचं पाणी तसंच ठेवलं. हळद सावकाश बसली. दुपार झाली. त्या सगळ्या वेळात बायकांनी पुन्हा गाणी धरली आणि मी खाली मान घालून पातेल्याशी बसले. शेवटी वरचं निवळ पाणी काढून टाकलं तेव्हा खाली हळद लोण्यासारखी मऊ बसली होती. ठकूबाईनं पुन्हा दातांत धरली. जबडा हलला. आवाज आला नाही.

"लावा," ती म्हणाली.

गोजराबाईनं पहिलं बोट कौशीच्या कपाळाला लावलं. मग मला म्हणाली, "आता तुझ्या त्या चुळीचं काय असंल ते करून घे. सुवासिनींची वैरण झाली, आता तुझी चालंल. रुखवताचं पीठ राहिलंय अजून." मी ओटीवर जाऊन पुरचुंडी सोडली आणि सगळा कोंडा दळला. गोळा करून उकिरड्यावर टाकून आले, तरी ती दारात उभी होती. "फुडल्या साली कोण येणार? आत्या का तू?"

"मी."

तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला. "कोंडा घरात असतो आमच्या. येताना वागवत आणू नको."

बाहेर आत्या पारावर तशीच बसली होती. कौशीनं तिला गूळपाणी पाठवलं होतं, रिकामा तांब्या बाजूला होता. आत काय झालं हे तिनं विचारलं नाही. मी काही खाल्लं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर पदराची भाकरी सोडून माझ्या हातात दिली आणि पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाडव्याला बाप आला. आत्यानं त्याला सांगितलं की पोरीच्या नावावर एक गाव आहे, आता तिचं ती बघेल. बाप जेवून परत गेला. सुरुंगवाल्या मुलाचं लग्न दुसरीकडं झालं. माझं तीन वर्षांनी झालं, टाकी लावणाऱ्यातच, आणि मी कारळवाडी सासरी घेऊन गेले. कौशी दर पंचमीला माहेरी यायची तेव्हा जात्यापाशी येऊन बसायची. तिच्या मोठ्या लेकीच्या हळदीच्या जात्याला मीच टाकी लावली. चूळ भरताना सगळ्या बायकांना तिनं ती मांजराची गोष्ट सांगितली. ठकूबाई तेव्हा नव्हती, नाहीतर तिनं तिचा वाटा मागितला असता.

पुढं गिरण्या आल्या. जाती उपडी होऊन दारापुढच्या पायऱ्या झाली. साठी जवळ आल्यावर नातीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, त्यातूनच हे लिहिते आहे.

आत्याचा तो डोळा अधूच राहिला. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडं होती. एका दुपारी ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती, बोटांनी चाचपून खडे काढत होती. मी गवऱ्या रचत होते. एवढ्या वर्षांत जे विचारायचं राहून गेलं होतं ते त्या वेळी कसं कोण जाणे तोंडात आलं.

"आत्या, त्या दिवशी कोंड्याची पुरचुंडी तुझ्या कमरेला कशी आली?"

"पिशवीत व्हती," ती म्हणाली. "रात्री हत्यारं मोजताना हाताला लागली. भरलेलीच."

म्हणजे मी "भरली" म्हणाले तेव्हाच तिला कळलं होतं. मी हातातली गवरी खाली ठेवली. "मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलतीस का बघत व्हते."

"आणि मी बोललेच नसते तर? हळद लागली असती तिला."

"कशी लागंल? वहाणा घालून बसले व्हते की. चिंचेच्या बुंध्याला ऊन लागंस्तवर थांबायचं ठरवलं व्हतं. तोवर न्हाई बोलली असतीस तर मी गेले असते. म्हणाले असते, चूक माझी हाय, पोरीला मी सांगितलं न्हवतं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मग गाव माझंच राहिलं असतं. दुसरं काय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ऊन बुंध्याला लागायला किती वेळ उरला होता, हे मी विचारलं नाही. मला ते नकोच होतं.

"तुला वाटलं व्हतं का, मी बोलीन असं?"

आत्या हसली. तिला दात नव्हते, पण हसणं तेच होतं.

"खोटं बोलायचं व्हतं तर कोंडा वाटंत फेकून यायचा की गं," ती म्हणाली. "भरलेली पुरचुंडी घेऊन घरी आलीस आणि चूळ भरली म्हणालीस. तेवढीबी लबाडी तुला येत न्हवती. म्हटलं, हिच्यासाठी सकाळपतूर थांबायला काय हरकत हाय."

आणि तिनं पुढची मूठ निवडायला घेतली.